चौकात केलेला हात

हेगलँड, मिनेसोटा
४ ऑक्टोबर

मरित,

पाकीट फोडलंस म्हणजे माझं निम्मं काम झालं. फोन तू उचलत नाहीस, आणि ते मोबाइलवर अंगठ्यानं लिहायचं मला या जन्मी जमणार नाही. दोन वर्षांनी बाप पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी वाईटच असणार, हे तू ओळखलं असशील. अर्डिस क्वालेला अपघात झालाय. आपल्याच चौकात, आपल्या शेताच्या कोपऱ्यावर.

बुधवारी सकाळी ती चर्चमध्ये निघाली होती, रविवारच्या ऑर्गनचा सराव करायला. 'थांबा'च्या पाटीपाशी थांबली, हायवे ओलांडायला निघाली, आणि उत्तरेकडून मक्यानं भरलेला ट्रक आला तो सरळ तिच्या दारावर. अगं, आवाज असा झाला की माझ्या छातीत अजून बसलाय. तिची ती निळी ब्यूक गाडी तुला आठवते ना? रद्दीच्या कागदासारखी चुरगळली. अर्डिस मोठ्या शहरातल्या दवाखान्यात आहे, तोंडात नळ्या, शुद्ध नाही. मिल्टन तिच्या उशाशी बसून असतो. परवा भेटायला गेलो तर मला म्हणतो, "ये व्हर्लिन, बस. कॉफी मागवू का तुला?" बायको मरणाच्या दारात, आणि हा मला कॉफी विचारतोय! मला तिथे उभं राहवेना.

ट्रक बाहेरचा, आयोवाचा होता. दुसरं काय असणार? आयोवाची नंबरप्लेट दिसली की तुझे आजोबा गाडी बाजूला घ्यायचे आणि म्हणायचे, जाऊ दे त्याला आधी, त्याला कुठे जायचंय हे त्यालाच माहीत नाही. आम्ही हसायचो. आता कुणी हसत नाही. सगळं गाव म्हणतंय की तो भरधाव येत होता. डॅरिल स्टीनहोक असं नाव आहे त्याचं. त्याच्यावर खटला भरणार आहेत, आणि भरायलाच हवा.

डोळे मिटले की सारखी तीच दिसते. हसली, आभाराचा हात वर केला, गाडी पुढे काढली, आणि पुढच्या क्षणी ती तिथे नव्हतीच.

आता तू म्हणशील, बाबा, मी सांगितलं होतं. सांगितलं होतंस, मान्य. शाळेच्या जिममध्ये भरलेल्या सभेत, सगळ्या गावासमोर, भिंतीवर नकाशा लावून. सरकारी रस्तेखात्याची इंजिनिअर म्हणून आली होतीस. या चौकात पाटी पुरत नाही, सर्कल करा म्हणालीस. आणि मी उठून म्हणालो, "आम्ही माणसं आहोत, गोल गोल फिरायला घाण्याचे बैल नाही. इथे आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघून गाडी चालवतो." लोक हसले, टाळ्या वाजल्या. तू नकाशाची गुंडाळी केलीस, आईला मिठी मारलीस आणि निघून गेलीस. मी लोकांना हसवायला बोललो होतो गं, तुला रडवायला नाही. आणि सर्कलमध्ये माझ्या शेताचा कोपरा जाणार होता म्हणून मी बोललो, असं जे तू आईला फोनवर म्हणालीस, ते खोटं आहे. कोपऱ्याचं मला काही नाही. आम्ही इथे जसे राहत आलो तसे राहावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

चौकाचा यात दोष नाही. उगीच तिथून सुरू करू नकोस. अर्डिसनं तुला पियानो शिकवला म्हणून कळवतोय, बाकी काही नाही.

— बाबा

हेगलँड
१२ ऑक्टोबर

मरित,

दोन वर्षांनी लेकीचं उत्तर येतं, आणि कार्डावर एकच ओळ! "बाबा, तिनं हात वर केला हे तुला कसं कळलं?" ना कसा आहेस, ना आई कशी आहे. बापाची उलटतपासणी! रस्तेखात्यात हेच शिकवतात का गं? कार्ड मी टेबलावर आपटलं तेव्हा आईनं वाचलं, आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मी चुलीपाशी जाऊन उगाच कॉफी ढवळत बसलो. कॉफीत साखर नव्हती. ढवळायला काही नव्हतं.

बरं. होतो मी तिथे.

मी दक्षिणेकडून येत होतो, पिकअपच्या मागे धान्याची ट्रॉली लावलेली. मला डावीकडे, आपल्या रस्त्याला वळायचं होतं. अर्डिस त्या रस्त्याच्या तोंडाशी पाटीपाशी थांबली होती. मी हायवेवर थांबलो आणि तिला हात केला, ये, आधी तू ये. झालं. एवढंच. हे आपण रोज करतो. तू गाडी शिकलीस तेव्हा तुला मीच शिकवलं की समोरचा थांबला तर आधी त्याला जाऊ द्यावं, हात करावा, आणि त्यानं हात केला तर आपणही आभाराचा करावा. एवढंही न करणाऱ्या माणसाच्या अंत्यविधीला इथे कुणी जात नाही.

रस्ता मोकळा होता. मोकळा नसता तर मी हात केला असता का? तेवढी अक्कल मला आहे. तो ट्रक कुठून उगवला देव जाणे. उत्तरेच्या बाजूला आपला मका उभा आहे, डोक्याच्या वर गेलाय, अर्डिसला पाटीपाशी उभं राहून त्या बाजूचं काही दिसत नव्हतं हे खरं. पण मका ऑक्टोबरात उभाच असतो. तो काय मी तिच्यासाठी पेरला होता?

मी धावलो. पहिला मीच पोचलो. दार उघडत नव्हतं, खिडकीतून हात घालून तिचा हात धरला. गरम होता. मी सारखं म्हणत होतो, अर्डिस, मी व्हर्लिन, मी आहे इथे. आणि रस्त्याच्या कडेला तो आयोवावाला गुडघ्यांवर बसून ओकत होता. मग कर्ट आला, शेरीफच्या ऑफिसातला पोलीस. मला विचारलं, "काय पाहिलंत?" मी म्हणालो, "ट्रक जोरात आला." त्यानं दुसरं काही विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

रस्त्यावर हात करणं हा काय गुन्हा आहे? सांग, तू शिकलेली आहेस. उद्या कुणाला दार उघडून दिलं आणि तो पायरीवरून पडला, तर दार उघडणाऱ्याला पकडायचं? माणसानं माणसाशी चांगलं वागूच नये का?

अर्डिस अजून शुद्धीवर नाही. ती उठली की मीच तिला सांगणार आहे. ती हसेल आणि म्हणेल, व्हर्लिन, तुझ्या मागच्या त्या ट्रॉलीला आधी रंग लाव.

— बाबा

हेगलँड
२३ ऑक्टोबर

मरित,

अर्डिस गेली. आईनं तुला फोनवर सांगितलंच आहे. तू फुलं पाठवलीस ती मिल्टननं पुढे, शवपेटीपाशी ठेवली.

पण जे घडलं ते आईनं सांगितलं नसेल, कारण त्यावर ती एक शब्द बोलत नाही. मी सुन्न झालोय. एकाहत्तर वर्षं या गावात काढली, आणि काल मला वाटलं की मी इथे कुणाला ओळखतच नाही.

विधी झाला, पुरून आलो, मग नेहमीसारखं चर्चच्या तळघरात जेवण. लांबलचक टेबलं, खिमा-बटाट्याच्या हॉटडिशचे ट्रे, हॅमचे बन, हिरवी जेली. बायकांनी मोठ्या किटलीत कॉफी उकळलेली. लेमन बारचा, लिंबाच्या त्या गोड वडीचा, शेवटचा तुकडा उरला होता, तो कुणी उचलेना. एकानं अर्धा कापून घेतला, दुसऱ्यानं त्याचा अर्धा, तिसऱ्यानं त्याचाही अर्धा. एवढासा चुरा राहिला आणि तो तसाच राहिला. मला ते बघवेना. मी उभा राहिलो. काटा ग्लासवर वाजवला. लोकांना वाटलं अर्डिसबद्दल चार शब्द बोलणार.

मी म्हणालो, "त्या सकाळी अर्डिसला मी हात केला होता. ये म्हणून. ती माझ्या हातावर विसंबून निघाली."

मग किटलीपाशी कुणीतरी कॉफी ओतायला लागलं. मग कुणीतरी मीठ मागितलं. आणि गॉर्डी, माझा शाळेपासूनचा मित्र गॉर्डी, माझ्या दंडाला धरून म्हणाला, "बस व्हर्लिन. हॉटडिश घेतलंस का? गार होतंय बघ."

"गॉर्डी, तू ऐकलंस का मी काय म्हणालो?"

"ऐकलं. आम्हाला माहीत होतं. तुझी पिकअप तिथे उभी होती, आम्ही काय आंधळे आहोत? असू दे आता."

माहीत होतं! सगळ्यांना! मी तीन आठवडे पोटात दगड घेऊन फिरतोय, आणि यांना सगळ्यांना माहीत होतं!

मी कर्टला दाराबाहेर गाठलं. म्हटलं, "कर्ट, माझा जबाब बदलून घे. मी हात केला हे लिही. नाहीतर तो आयोवावाला तुरुंगात जाईल."

कर्ट बुटाच्या टाचेनं खडी उकरत राहिला. "व्हर्लिन, तुम्ही थकलाय. यात लिहिण्यासारखं काय आहे? हात सगळेच करतात. माझी आई करते. उद्या मी अख्ख्या जिल्ह्याला पकडू का?"

"अरे, पण तो माणूस जोरात नव्हता येत! मी नुसतं म्हटलं होतं जोरात, मला काही कळत नव्हतं तेव्हा."

"तो बाहेरचा आहे," कर्ट म्हणाला. रागानं नाही हं. हवामान सांगावं तसं म्हणाला. "त्याच्या ट्रकमालकाचे वकील आहेत, ते बघतील. तुम्ही आत जा, थंडी आहे."

मी आत गेलो. मिल्टन एकटा बसला होता. त्याच्यापाशी गेलो तर त्यानं मान वर न करता म्हटलं, "आज नको, व्हर्लिन."

आणि खरा धक्का तर पुढेच आहे. निघताना गॉर्डीनं कागद पुढे केला. सर्कलच्या विरोधातला अर्ज, नवीन. तुमच्या खात्यानं अपघातानंतर पुन्हा विषय काढलाय ना, त्यासाठी. वर मोठ्या अक्षरांत छापलंय, "अर्डिस क्वाले हिच्या स्मरणार्थ: आपला चौक वाचवा." मी दोनदा वाचलं. मला वाटलं मीच चुकीचं वाचतोय. त्या चौकात बाई मेली, आणि तिच्याच नावानं तो चौक वाचवायचा!

"गॉर्डी, अरे, शरम वाटत नाही?"

"कसली शरम? चौकानं काय केलं? आयोवावाल्यानं केलं. आणि बाहेरून कुणी येऊन आम्हाला गाडी चालवायला शिकवणार का? हे तुझेच शब्द आहेत." त्यानं बोट ठेवलं. पहिलं नाव माझं होतं. मला न विचारता छापलेलं.

"माझं नाव काढ."

"तुझं नाव कसं काढू? तू तर पुढारी आमचा," आणि पाठीवर थाप मारून हसला. प्रेमानं हसला गं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

रात्रभर मी तुझा विचार केला. जिममध्ये नकाशासमोर उभी असताना तुला असंच वाटलं असेल का? बोलतोय आपण आणि समोर सगळे चांगले लोक, सगळे हसरे, आणि एकाच्याही कानात शिरत नाही. आणि त्यांच्यात सगळ्यात मोठ्यानं हसवणारा आपला बाप.

मी सरकारी वकिलाकडे जाणार आहे. कर्ट लिहीत नसेल तर तिथे लिहितील. आई म्हणते, "जा. पण गेलास की इथे पुन्हा तुझ्याशी कुणी पत्ते खेळणार नाही, हे समजून जा."

— बाबा

हेगलँड
९ नोव्हेंबर

मरित,

जाऊन आलो. सरकारी वकील म्हणजे तुझ्याच वयाची बाई निघाली. तिनं सगळं विचारलं. कोणता हात, किती वेळा हलवला, काच खाली होती की वर, ट्रॉली किती लांब. मी सगळं सांगितलं. ट्रकमध्ये म्हणे यंत्र असतं, त्यात वेग आधीच मिळाला होता. पाटीवर लिहिलेल्या वेगापेक्षा कमीच. पण गावातले सगळे साक्षीदार जोरात, जोरात म्हणत होते आणि ती एकटी काय करणार? माझी सही झाली, आणि गेल्या आठवड्यात खटला मागे घेतला.

तुला वाटेल आता मला हलकं वाटत असेल. मलाही तसंच वाटलं होतं.

इथे कुणी शिव्या देत नाही, तुला ठाऊक आहे. धान्याच्या कोठारापाशी सकाळची कॉफी असते तिथे गेलो तर सगळे म्हणाले, "काय व्हर्लिन, बरं आहे ना?" आणि उत्तर ऐकायला कुणी थांबलं नाही. खुर्ची रिकामी होती, पण तिच्यावर गॉर्डीचा कोट होता. तो त्यानं उचलला नाही. मी उभ्यानं कॉफी प्यालो आणि निघालो. अर्जावर माझं नाव अजून पहिलंच आहे.

शनिवारी अंगणात आयोवाची नंबरप्लेट थांबली. डॅरिल स्टीनहोक. चांगला थोराड माणूस, हातात टोपी, गाडीत बायको बसलेली. मी म्हणालो, "या आत, कॉफी टाकतो."

"नको. मला फक्त तुमचं तोंड बघायचं होतं." मग बराच वेळ खरंच नुसता बघत राहिला. "माझी बायको म्हणायची, तुझी चूक नाही रे. मी तिच्यावर ओरडायचो, गप बस, एक बाई मेलीय माझ्या हातून. ट्रकला पुन्हा हात लावायचं धाडस नाही झालं मला. अजूनही नाही झालं. आणि तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

मी म्हणालो, "मी माफी मागतो."

"ती तुमच्यापाशीच ठेवा," तो म्हणाला, आणि गेला. आई खिडकीत उभी होती. तिनं पडदा ओढून घेतला.

हे सगळं सोसलं असतं मी. पण काल मिल्टन आला.

मी कोपऱ्यातला मका कापून नुकताच यंत्रावरून उतरलो होतो. शेत मोकळं झालं होतं. मिल्टन बांधावर त्याची पिकअप घेऊन थांबला आणि आतून दार उघडून म्हणाला, "बस." अंत्यविधीनंतर पहिल्यांदा बोलला. मला वाटलं मारतो आता. मारलं असतं तर मी हात वर केला नसता.

तो मला चौकाच्या दक्षिणेला घेऊन गेला, वळून परत आला, आणि हायवेवर बरोबर त्या जागी गाडी उभी केली जिथे मी थांबलो होतो. मागे दोन गाड्या येऊन थांबल्या. इथे हॉर्न कुणी वाजवत नाही, ते बिचारे तसेच उभे राहिले.

"इथेच होतास?" मिल्टननं विचारलं.

"इथेच."

"इथून उत्तरेचा रस्ता दिसतो."

"दिसतो."

"मका उभा असताना?"

"तेव्हाही दिसतो. मका पाटीच्या बाजूला आड येतो. इथून नाही."

"किती लांबवर?"

"पार टेकाडापर्यंत," मी म्हणालो.

मिल्टन माझ्याकडे वळला. डोळे लाल, पण आवाज अगदी साधा. "म्हणजे त्या दिवशी तुला ट्रक दिसायला हवा होता. व्हर्लिन, तू बघितलं होतंस का?"

मरित, त्या वकीलबाईनं मला कोणता हात ते विचारलं, किती वेळा ते विचारलं. हे विचारलं नाही. कर्टनं विचारलं नाही, गॉर्डीनं नाही, तुझ्या आईनं नाही. आणि तुला मी आपणहून लिहिलं होतं, रस्ता मोकळा होता, मोकळा नसता तर हात केला असता का म्हणून. तो मोकळा होता की नव्हता हे मला माहीतच नव्हतं. मी अर्डिसकडे बघत होतो. माझ्या मागे ट्रॉली होती, ती घेऊन मला वळायचं होतं, आणि तिची गाडी रस्त्याच्या तोंडाशी उभी असताना मला वळता येत नव्हतं. ती निघाली की माझी वाट मोकळी होणार होती. म्हणून मी हात केला. सौजन्य-बिजन्य काही नव्हतं गं. मला घाई होती.

"नाही," मी म्हणालो. "बघितलं नव्हतं."

मिल्टननं मान हलवली.

"तिला वाटलं असणार, तू बघितलंयस," तो म्हणाला.

मग त्यानं वळायचा दिवा लावला, आधी उत्तरेकडे नीट बघितलं, आणि मला घरी आणून सोडलं.

तुला खोटं लिहिलं होतं. तेवढंच सांगायला हे पत्र.

— बाबा